वहिनी, तुमच्या पानावर दोरसानी नव्हती

वहिनी, बाराव्याच्या दिवशी तुमच्या नावानं पान वाढलं. त्यावर कच्च्या केळ्याची भाजी होती, सुरण होता, पडवळ होतं, कारलं होतं, उडदाचे वडे होते, खीर होती. दोरसानी नव्हती. तुम्ही म्हणाल, नव्हती तेच बरं झालं. म्हणा, खुशाल म्हणा. पण त्या एका भाजीपायी तुमच्या माघारी या घरात जे रामायण झालं, ते तुमच्या कानांवर घातल्याशिवाय मला चैन पडायची नाही. शिवाय आपलं भांडण अर्ध्यावर राहिलंय, आणि भांडण अर्ध्यावर टाकून उठायची या घराला सवय नाही. ती सवय तुम्हीच लावलीत.

तुम्ही आण्णांशी लग्न होऊन पापनाशमहून तंजावरच्या या गल्लीत आलात तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. उंबऱ्यावरचं माप ओलांडून आत आलात, मी एका हातानं चड्डी सावरत तुमच्या वाटेत उभा, आणि तुम्ही म्हणालात, "अहो भावजी, जरा सरता का?" मला अहो! तोवर मला राजवाड्याच्या या सगळ्या आळीत कुणी अहो म्हटलं नव्हतं. त्या दिवशी मी तुमच्या बाजूचा झालो तो कायमचा. पण बाजूचा असलो म्हणून तुमचं सगळं ऐकून घ्यायचं थोडंच?

नवे पैसे नुकतेच चालू झाले होते त्या सुमाराची गोष्ट. मी शेतकी खात्यात लागून ओरत्तनाडूच्या कचेरीत रोज बसनं जाऊन-येऊन होतो. खात्याच्या कामानं उटीला गेलो आणि येताना कागदाच्या पुडीत स्विस चार्डचं बी घेऊन आलो. पाऊस सरल्यावर परसात वाफा केला. बीटची ही सख्खी बहीण. बीट आपलं सगळं बळ जमिनीखाली साठवतं, ही पानांत आणि देठांत साठवते, एवढाच काय तो फरक. थोड्या दिवसांत वीतभर रुंद, चकचकीत हिरवी पानं आली आणि देठ कुंकवासारखे लाल. तुम्ही विहिरीवरून घागर घेऊन येत होतात, थांबलात, मान तिरपी करून बघितलंत.

"लाल पाय, हिरवा झगा. भावजी, ही तर दोरसानी दिसते की!"

गोऱ्या साहेबाच्या मडमेला इकडे दोरसानी म्हणतात. स्विस चार्ड हे नाव त्या क्षणी मेलं. पुढं आण्णाही "आज दोरसानी आहे काय?" म्हणून विचारायला लागले, आणि एकदा तर कचेरीत साहेबांपुढं माझ्याच तोंडून दोरसानी निघून गेलं.

नाव ठेवलंत, पण घरात घेईनात. आपल्या स्वयंपाकघरात भाज्यांच्या दोन जाती. नाट्टु, म्हणजे इथल्या मातीतल्या, आणि इंग्लिश, म्हणजे कोबी, गाजर, बीट, बीन्स असल्या साहेबाच्या मागून आलेल्या. इंग्लिश भाज्या एरवी शिजल्या तर शिजल्या, पण श्राद्धाच्या पानावर त्यांना जागा नाही. हा नेम काही एकट्या आपल्या घरचा नाही, अख्ख्या तंजावरचा आहे. पण तुम्ही तो जसा पाळायचात तसा वाध्यार, म्हणजे भटजीसुद्धा पाळत नसतील. श्राद्धाच्या आदल्या दिवशी टोपलीत गाजर दिसलं तर टोपली धुवायला काढायचात.

"माझ्या वाफ्यात उगवली, कावेरीचं पाणी प्यायली. आता ती इंग्लिश कशी?" मी म्हणायचो.

"बी कुठून आलं?"

"उटीहून."

"इथं बी धरते काय?"

इथंच तुम्ही मला गाठायचात. ती इथं बी धरत नाही, हे खरंच आहे. तिला फुलायला कडक थंडी लागते, आमच्या मार्गशीर्षातल्या गारव्यानं तिचं भागत नाही. दर वर्षी नवं बी आणावं लागतं. "म्हणजे पाहुणी," तुम्ही निकाल द्यायचात, "पाहुणीला जेवायला घालावं. चुलीपाशी बसवू नये."

ती चुलीपाशी आली ती कुंदामुळं. कुंदा तुमची सहा वर्षांची. दिवेलागण झाली की पोरगी चाचपडायला लागायची. आधी आपल्याला वाटलं धांदरट आहे. मग एका संध्याकाळी ती सरळ चालत जाऊन रगड्यावर आदळली आणि कपाळ फोडून घेतलं. डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, मालैक्कण. रातांधळेपणा. लहान मुलांना होतो, अंगात अ जीवनसत्त्व कमी पडलं की होतो, आणि हयगय केली तर डोळे कायमचे जातात. माशाच्या तेलाची बाटली लिहून देतो म्हणाले, नाहीतर रोज भरपूर कीरै घाला, पालेभाजी.

"मासळीचं तेल? आपल्या घरात? अय्यो!" तुम्ही तिथंच कानांवर हात ठेवलेत. मग वाटेत, रिक्षात, कुंदाचं डोकं मांडीवर घेऊन तुम्ही मला हळूच म्हणालात, "आठ दिवस पाला घालून बघतें. नाही उतार पडला तर बाटली आणा. मी डोळे मिटून पाजीन." तुम्ही किती घाबरला होतात ते मला त्या वाक्यानं कळलं.

पाला कुठला, यावर मात्र घरी पोचेपर्यंत आपलं जुंपलं. तुमचं म्हणणं मुरुंगै, परसातल्या शेवग्याचा पाला. माझं म्हणणं चार्ड. आता मी खात्यातला माणूस, तक्ते मला तोंडपाठ. मुरुंगैच्या पाल्यात जीवनसत्त्व दोरसानीपेक्षा कमी नाही, चुना, म्हणजे कॅल्शियम, तर कितीतरी जास्त. हे मी तुमच्यापासून लपवलं नाही, तोंडावर सांगितलं.

"मग ही दोरसानी कसाला?" तुम्ही कंबरेवर हात ठेवून विचारलंत.

"कारण कुंदा मुरुंगै थुंकते! पोटात गेलेली भाजी पौष्टिक, वहिनी. ताटात पडून राहिलेली कुणाच्या डोळ्यांत जात नाही."

हे माझं वाक्य तेव्हाही बिनतोड होतं आणि आजही आहे. कुंदाला मुरुंगैचा वास चालायचा नाही, घशात अडकतो म्हणायची. पण लाल देठांची ती भाजी कालवली की भाताला गुलाबी रंग चढायचा, आणि त्या रंगासाठी पोरगी घास मागून घ्यायची. तुम्ही तिची अंबट भाजी केलीत. पानं बारीक चिरून, भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे घालून, चिंचेचा कोळ, गुळाचा खडा, वरून मोहरी-मेथी-हिंगाची नि लाल मिरचीची फोडणी. आपल्या तंजावरी मराठी घरातली नेहमीची अंबट भाजी, फक्त पाला परका. वर तुपाची धार. मी सांगायला गेलो की हे जीवनसत्त्व तेलातुपाशिवाय अंगी लागत नाही, तर तुम्ही म्हणालात, "तूप घालायला मला सरकारनं सांगायला नको."

आणि एके संध्याकाळी, दिवे लागायच्या वेळी, कुंदा मांजरामागं धावत गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि धावत परत आली. कुठं अडखळली नाही. तुम्ही खांबाला धरून उभ्या होतात आणि तुमच्या डोळ्यांना धार लागली होती. मीही रडलो, खोटं कशाला बोलू? मग पदरानं नाक पुसून तुम्ही पहिलं वाक्य काय बोललात?

"बघितलंत, भावजी? मुरुंगै!"

"मुरुंगै? तिनं तोंडात तरी घेतली काय?"

"रोजच्या अडैच्या धिरड्यांच्या पिठात मूठभर वाटून घालत होतें. तुम्हाला कुठलं कळायला!"

तेव्हापासून आजपर्यंत कुंदाचे डोळे कुणी बरे केले याचा निकाल लागलेला नाही. परवा मी तिलाच विचारलं. आता ती तिरुच्चीच्या कॉलेजात जाते, मराठी सगळं कळतं पण उत्तर तमिळमध्ये देते. रडून सुजलेल्या डोळ्यांनी म्हणाली, "काका, आईनं." घ्या. हे उत्तर आपल्या दोघांनाही सुचलं नव्हतं.

वहिनी, तुमच्या हाताची एक गोष्ट आळीत सगळ्यांना ठाऊक होती. तुमचं मीठ कधी चुकायचं नाही. देवाला दाखवायचा स्वयंपाक चाखायचा नाही, हुंगायचादेखील नाही, हा आपला रिवाज. बाकीच्या बायका घाबरत मीठ घालायच्या, तुम्ही बोलता बोलता घालायचात. पातेल्यात काय आहे, किती आहे, एवढं बघितलं की हात आपला आपण थांबायचा. तो हात एकदाच चुकला, आणि दोरसानीनं चुकवला.

वैकुंठ एकादशीचा उपास झाला होता, दुसऱ्या दिवशी सकाळी द्वादशीचं पारणं. पारण्याला हादग्याचा पाला हवाच, इथली अगत्ति कीरै, आणि आवळा. दिवसभर रिकाम्या राहिलेल्या पोटाला तो कडू पाला थंडावा देतो, म्हणून वाडवडिलांनी लावून दिलेलं. पण त्या वर्षीच्या वाऱ्यापावसात आपला हादगा मुळासकट आडवा झाला होता आणि शेजारी ज्यांच्याकडून आणायचा त्यांचाही गेला होता. तुम्ही सोवळ्यात स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या राहिलात आणि आतूनच म्हणालात, "भावजी, तुमच्या दोरसानीच्या वाफ्यात वरून चांगलं पाणी ओता. मी तोडून घेतें."

मी चाटच पडलो. "देवाला चालेल?"

"देव समजून घेतो. पितर रुसतात. पितरांच्या पानाला तिचा हात लागायचा नाही, हे आत्ताच सांगून ठेवतें."

हे तुमचं वाक्य लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

तुम्ही टोपलीभर पानं तोडलीत, हादग्यासारखी कोरडी परतलीत, मुगाची डाळ आणि नारळ घातलात. आणि टोपलीभर पानांच्या मानानं मीठ घातलंत. आता या दोरसानीचं मूळ कूळ समुद्राकाठचं. हिच्या अंगातच मीठ असतं. एरवी चिंच-गुळाच्या अंबट भाजीत ते कुणाला जाणवायचं नाही. शिवाय हिचा टोपलीभर पाला शिजून मूठभर होतो, मीठ मात्र होतं तेवढंच राहतं. नैवेद्य दाखवला, आम्ही पारण्याला बसलो. आदल्या दिवसभराच्या उपासानंतर पहिला घास तोंडात घातला आणि माझ्या कानशिलांतून वाफ निघाली. मिठागरच!

कुंदा "उप्पु! मीठ!" म्हणून ओरडणार होती, ती निम्मं म्हणून थांबली, कारण तिनं आण्णांकडे बघितलं. आण्णांनी शांतपणे दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, पान पुसून खाल्लं आणि म्हणाले, "बेस झालीय. अजून वाढ."

तुम्ही वाढलीत. मग मीही मागितली. मागणार नाही तर काय? लोटाभर पाणी पिऊन आम्ही ती संपवली. आमच्यामागून तुम्ही जेवायला बसलात, आणि थोड्या वेळानं हात तसाच उष्टा घेऊन बाहेर आलात.

"अस्की खाल्लीत? सगळी?"

आण्णा पंचांग वाचत होते, त्यांनी ते आणखी जवळ धरलं. तुमच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि लगेच तुम्ही माझ्यावर घसरलात, "दोरसानीनं माझा हात खोटा पाडला!" जसं काही मी तिला शिकवून पाठवलं होतं. पण दुसऱ्या दिवशी तुम्हीच वाफ्याशी गेलात, एक पान तोडून कच्चंच चघळलंत आणि म्हणालात, "हिला अर्धंच मीठ. बाकीचं तिचं तिच्यापाशी आहे." त्यानंतर ती भाजी कधी खारट झाली नाही. हरणं तुम्हाला ठाऊकच नव्हतं.

मग वर्षं गेली. दर हिवाळ्यात मी बी आणायचो, तुम्ही नाक मुरडायचात, आणि दोरसानी शिजायची. तुम्ही तिचं डाळीतलं कूट्टु केलंत, ताकातली केलीत, पानांत सारण भरून वाफवलंत. मी म्हणायचो हिचं पहिलं पाणी ओतून द्या, जिभेला चरचरतं ते त्यात उतरतं. तुम्ही म्हणायचात, पाण्यातच सगळं असतं, आणि त्या गुलाबी पाण्याचं सार करायचात. मी खरा की तुम्ही, तर दोघंही खरे, पण हे तुमच्या हयातीत मी कबूल करणार नव्हतो. मधल्या टंचाईच्या दिवसांत, तांदूळ पिकवणाऱ्या तंजावरातच तांदूळ मिळेनासा झाला तेव्हा, भाताच्या दुप्पट भाजी वाढून तुम्ही आमची पोटं भरलीत, आणि तेव्हा वाफा तुम्हीच वाढवायला लावलात. पण एवढं सगळं करून तोंडातून एक चांगला शब्द? छे!

"कशी झालीय?" मी विचारायचो.

"असू दे."

"असू दे म्हणजे काय? बरी की वाईट?"

"खाण्यासारखी आहे. इतकी हौस असेल तर बायको आणा, तिच्याकडून करून घ्या आणि तिलाच विचारा." मग माझ्या लग्नाचा विषय निघायचा आणि मी कचेरीची बस गाठायला पळायचो.

मला दुसरं काही नको होतं, वहिनी. हसाल तुम्ही. चाळिशीला टेकलेला माणूस, जिल्हाभर शेतकऱ्यांना शहाणपण शिकवत हिंडतो, आणि घरी एका भाजीला वहिनींनी एकदा "बेस" म्हणावं म्हणून वाट बघतो. पण होतं खरं तसं. एवढ्या वर्षांत तुम्ही म्हटलं नाहीत.

आणि तरी मला ठाऊक होतं. ते कसं, तेही आता सांगून टाकतो. एकदा दुपारी ताप भरल्यासारखं वाटलं म्हणून मी ओरत्तनाडूहून लवकर परतलो. आण्णा शाळेत शिकवायला, कुंदा तिच्या शाळेत. स्वयंपाकघराच्या दाराशी आलो तर तुम्ही पान मांडून जेवायला बसला होतात. पानावर भात आणि दोरसानीच्या देठांचं पिटलं. देठ! जे मी गाईला घाला म्हणायचो, तेच बोटाएवढे तुकडे करून, तूरडाळीत, खोबरं आणि धने भाजून वाटून घातलेलं आपलं दाट पिटलं. आणि तुम्ही जेवत कशा होतात! डोळे अर्धे मिटलेले, बोटं चाटून पुसून, अधूनमधून स्वतःशीच मान हलवत. अशा जेवताना मी तुम्हाला कधी बघितलं नव्हतं. आम्हाला वाढून उरलेलं घाईघाईनं खाणाऱ्या त्या तुम्ही नव्हताच.

मला बघितलंत आणि चटकन दुसरं केळीचं पान ओढून ताटावर झाकलंत. बाजूला एक वाटीही झाकून ठेवलेली होती, मला वाटलं तुमचीच असेल.

"लवकर आलात?"

"अंग कसकसतंय."

"सुंठीचा काढा करतें."

एवढंच. मी देठांचं विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाहीत. पुढच्या आठवड्यात मी नेहमीसारखं म्हणालो, "देठ गाईला घाला," आणि तुम्ही नेहमीसारखं म्हणालात, "बघतें."

या खेपेला वाफा फार सुरेख आला होता. तुम्ही पडून होतात, मी खिडकीशी येऊन म्हणालो, "पानं जून व्हायला लागली. कापू काय?" तुम्ही म्हणालात, "तुम्ही हात लावू नका. तुम्ही सुरी घेऊन गड्डाच कापता. बाहेरची पानं हातानं मुरगळून घ्यायची, आतल्यांना वाढू द्यायचं. मी उठतें आणि काढतें." मी म्हणालो, सेरि, बरं, उठा मग. आपलं शेवटचं बोलणं ते. मोठं काही बोलायचं असतं हे ठाऊक असतं तर बोललो असतो, आणि तुम्ही ते बोलू दिलं नसतंत.

आता रामायण. दहाव्याहून आलो आणि मी आण्णांना म्हणालो, बाराव्याच्या पानावर दोरसानी वाढायची. आण्णा तिण्णैवर बसले होते. तुम्ही गेल्यापासून दारापुढच्या त्या ओट्यावरून ते फारसे उठलेच नव्हते. त्यांनी माझ्याकडे बघितलं जणू मी वेडा झालोय.

"इंग्लिश भाजी? तिच्या पानावर?"

"वहिनींनी इतकी वर्षं शिजवली."

"तुझ्यासाठी शिजवली. नेम तिचा होता. उभा जन्म तिनं पाळला, तो तिच्याच पानावर मोडू?"

वाध्यारांना विचारलं, तर ते म्हणाले शास्त्रात नाही. "मग मुरुंगै तरी?" मी म्हणालो. तर मुरुंगैही श्राद्धाला चालत नाही! म्हणजे बघा वहिनी, तुमचीही भाजी बाद आणि माझीही. ज्या दोन पाल्यांवरून आपण एवढं भांडलो, त्यातला एकही तुमच्या पानावर येणार नव्हता. मला रागानं रडू फुटलं. मी आण्णांना नाही नाही ते बोललो. कच्चं केळं वहिनींना कधी आवडलं होतं? कारलं त्या शिस्तीनं गिळायच्या! ज्यांना जन्मभर कुणी विचारलं नाही तुम्हाला काय आवडतं, त्यांना निदान आज तरी विचारा!

"तुला ठाऊक आहे तिला काय आवडायचं?" आण्णांनी विचारलं.

एका वाक्यात मी जिंकलो असतो. त्या दुपारचं सांगितलं असतं की आण्णा गप्प झाले असते. पण तुम्ही ताट झाकलं होतंत. जे तुम्ही स्वतःच्या हातानं झाकलंत ते वाध्यारांच्या आणि स्वयंपाकाला आलेल्या परिचारकाच्या देखत मी उघडू? नाही. मला तुमचं वाक्य आठवलं, देव समजून घेतो, पितर रुसतात. आता तुम्ही त्यांच्यात गेला होतात. तिथं जाऊन पहिल्याच दिवशी तुमची मान खाली जायला नको. मी म्हणालो, "करा तुम्हाला हवं ते," आणि परसात जाऊन बसलो. बाराव्याला कच्चं केळंच वाढलं. वाढताना परिचारकानं मीठ किती घातलं होतं देव जाणे. मी चव बघितली नाही.

तेरावं झालं, गोडाचं जेवण झालं. काल सकाळी पाहुणे गेले, कुंदा तिरुच्चीच्या बसला बसली. घरात आण्णा आणि मी, आणि आमचं बोलणं बंद. मी वाफ्याशी बसलो होतो. मागं पावलं वाजली. आण्णा होते. टोपली घेऊन आले होते, टोपली! ज्या माणसानं जन्मात चूल पेटवली नाही तो.

"ही कशी काढायची रे? ती हातानं मुरगळायची."

"बाहेरची पानं घ्यायची," मी म्हणालो, "आतल्यांना वाढू द्यायचं."

आम्ही दोघांनी पानं काढली. मग आण्णा देठाकडे बघत उभे राहिले, आणि खाली बघूनच म्हणाले, "या देठांचं पिटलं तुला येतं काय?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "कुठलं पिटलं?"

"करायची ती. तू कचेरीला गेलास की करायची. माझ्यासाठी वाटीभर झाकून ठेवायची, मी शाळेतून आलो की द्यायची."

वहिनी! ती वाटी!

"आणि वहिनींना आवडायचं?" मी विचारलं.

"आवडायचं म्हणजे? वर्षभर हिवाळ्याची वाट बघायची." आण्णा थोडं हसले. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. "म्हणायची, बेस आहे हो, हिच्यासारखी दुसरी कीरै नाही. पण भावजींना सांगू नका. डोक्यावर मिऱ्या वाटतील."

मी हातातली पानं टोपलीत टाकली.

"मग बाराव्याला का नाही वाढू दिलीत?" मी विचारलं.

"सांगू नको म्हणाली होती," आण्णा म्हणाले. "तिचा नेम मोडायचा तर कारण सांगायला हवं. तुला सांगितल्याशिवाय कसं वाढणार?"

म्हणजे आम्ही दोघंही तुमचं ताट झाकून बसलो होतो, एकमेकांपासून. एवढं भांडलो, आणि दोघांनीही तुमचंच ऐकलं.

मग आम्ही पिटलं केलं. डाळ लागली थोडी, खोबरं जास्त भाजलं गेलं, पण झालं. आण्णा मिठाची बरणी घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "किती?" मी म्हणालो अर्धं, बाकीचं तिचं तिच्यापाशी आहे. आण्णांनी बरणीच पातेल्यावर कलती केली. अर्धं कुठलं, पुरतं पडलं, वर थोडं आणखी पडलं. आम्ही आधी एका पानावर तुमचं वाढलं, मग आमचं. पहिला घास घेतला. त्या द्वादशीसारखंच, अगदी मिठागर.

आण्णांनी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. "बेस झालंय," म्हणाले, "अजून वाढ."

मी वाढलं. आणि वाढता वाढता मला असं काही हसू आलं, असा काही आनंद झाला की जिंकलो, इतक्या वर्षांनी जिंकलो, तुम्ही बेस म्हणाला होतात! हातात पळी तशीच धरून मी परसाच्या दाराकडे वळलो आणि नेहमीसारखी मोठ्यानं हाक मारली, "वहिनी, सापडलात!"

आण्णांनी मान खाली घातली आणि खारट भात कालवत राहिले.